टेकू लावल्याशिवाय हौद्याखाली शिरू नका
आजचा अख्खा दिवस मोशीच्या खाणीवर चालणाऱ्या एका टिपरमागे गेला. तक्रार एकच: हौदा पूर्ण उचलला तरी ओला मुरूम कोपऱ्यात चिकटून राहतो, मग ड्रायव्हर गाडी पुढे-मागे करून हिसके देतो. त्या हिसक्यांनी मागच्या बिजागरीच्या पिना आणि बुश (पिनेभोवती बसणारी धातूची नळी) खाऊन टाकले. पिन काढली तर एका बाजूने चंद्रकोरीसारखी झिजलेली. ग्रीस निपल मातीने बुजलेला, ग्रीस आत जाणार कुठून?

बुश नवे टाकले. हौद्याच्या काटकोनी कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या मारल्या आणि तळाला हार्डॉक्स ४५० चा, म्हणजे झीज सोसणाऱ्या कडक पोलादाचा पत्रा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर जायचा. कडकपणाच्या ब्रिनेल मापात साधा पत्रा १२०-१३० चा, हा ४५० च्या आसपास. दगडाला हाच पुरून उरतो.

मालकांना फळ्या वाढवून हौदा उंच हवा होता. स्पष्ट नाही म्हटलं. मालाची उंची वाढली की वजन वर जातं, आणि खाणीतल्या तिरक्या जमिनीवर हौदा उचलताना गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. त्यात ड्रायव्हर बसलेला असतो, हे विसरून कसं चालेल?

आणि दादांनो, हात जोडून सांगतो. हौदा वर असताना नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जॅकचा होज, म्हणजे तेलाची नळी फुटली की तेल सुटतं आणि हौदा थेट अंगावर येतो. हाताखालच्या पोराला आज आधी लोखंडी टेकू लावायला लावला, मगच पाना दिला.