ट्रॉम्सो: थंडीचं सोडा, निसरड्याचं बोला

आधी निकाल सांगतो. अरोरा, म्हणजे उत्तरेकडच्या आकाशात रात्री दिसणारा तो रंगीत उजेड, पाहायला जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जाणार असाल तर जाड जॅकेटवर एक रुपया जास्त घालवू नका आणि बुटांखाली लावायच्या खिळ्यांशिवाय विमानतळाबाहेर पाऊल टाकू नका. आम्ही नेमकं उलटं केलं.

आम्ही सहाजण कॉलेजपासूनचे ट्रेकवाले, चाळिशी ओलांडलेले, पण हरिश्चंद्रगडाची नळीची वाट अजून चढणारे. एजंटाने 'आर्क्टिक किट' म्हणून माणशी १६,००० रुपये भाडं लावलं. त्यात उणे चाळीसला चालणारं जॅकेट, तसलेच बूट आणि ज्यांनी साधी चेनसुद्धा ओढता येत नाही असे हातमोजे. अनामत वेगळी. ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या जवळपास साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे म्हटल्यावर आम्हीही माना डोलावल्या. उतरलो तेव्हा तापमान अधिक तीन होतं आणि पाऊस पडत होता. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, म्हणून जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली जेमतेम तीन-चार अंशच असतं. ही माहिती कुठेही मिळते. आम्ही शोधली नाही आणि एजंटाने सांगितली नाही. कशाला सांगेल?

आता तो उतार. ट्रॉम्सो हे बेट आहे आणि त्याच्या मधोमध लांबट टेकडी. परवडणारी घरं वरच्या अंगाला. आमच्या घराच्या जाहिरातीत होतं, 'मध्यवस्तीपासून चालत १२ मिनिटं'. खरं आहे, आणि ढुंगणावर घसरत गेलात तर चारच. रस्त्यावरचा बर्फ गाड्यांनी दाबून घट्ट झालेला असतो. त्यावर पाऊस पडतो, रात्री तो गोठतो, सकाळी पुन्हा वर पाण्याचा पातळ थर. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पाय कसा ठेवायचा हे आपल्याला कळतं, कारण कातळाला निदान खाचा असतात. इथे खाच नाही, रंग नाही, काही नाही. किटमधले बूट उबदार होते यात शंका नाही, पण त्यांचे तळवे थंडीत कडक होऊन साबणाच्या वडीसारखे झालेले. पहिल्याच सकाळी शिल्पा मनगटावर पडली. मुका मार, पण पुढचे सहा दिवस तिची सॅक आम्ही आळीपाळीने उचलली. उरलेले आम्ही लोकांच्या कुंपणांना धरून, वीत-वीत करत खाली चाललो होतो. तेवढ्यात सत्तरी पार केलेल्या एक आजीबाई किराण्याची पिशवी घेऊन टकटक आवाज करत शेजारून वर निघून गेल्या. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अरे, ही टकटक कसली?" मंदार म्हणाला, आणि आमची ट्रिप तिथे सुरू झाली.

टकटक होती आजीबाईंच्या बुटांखालच्या खिळ्यांची. त्यांना 'ब्रोद्दर' म्हणतात. रबराची जाळी, तिला धातूचे खिळे, बुटावर चढवायची. आम्हाला माणशी अडीचशे क्रोनर पडले. क्रोनर तेव्हा आठ-नऊ रुपयांचा होता. टाचेपुरते मिळतात ते घेऊ नका, पूर्ण तळव्याचे घ्या. दुकानात शिरताना काढा. मी काढले नाहीत. फरशीवर खिळे म्हणजे चाकांचे बूट, दह्याच्या फ्रिजसमोर मी उताणा. आणि चाकांची बॅग आणू नका, पाठीवरची सॅक आणा. हे दोनदा वाचा.

दुसरी फसवणूक अरोराची. सगळ्यांच्या फोनवर केपी निर्देशांकाचं ॲप होतं (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा आकडा, जितका मोठा तितका अरोरा दक्षिणेपर्यंत दिसतो) आणि 'केपी पाचच्या वर गेला की बाहेर पडा' हे पाठ होतं. पहिल्या रात्री पाऊस थांबून आकाश मोकळं झालं होतं, केपी दोन होता, म्हणून आम्ही खिचडी करून झोपलो. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याच्या थेट खाली येतं. इथे केपी एक-दोनलाही अरोरा दिसतो. पाचची गरज दक्षिणेकडच्या लोकांना! इथे पाहायचे ते ढग. पुढचे तीन दिवस ढग हटले नाहीत.

त्यातल्या एका रात्री मोठ्या बसच्या 'अरोराच्या पाठलागाला' माणशी १,२०० क्रोनर मोजले. पाठलाग कसला, बस तासाभरावरच्या एका वाहनतळावर ढगाखाली उभी राहिली आणि गरम चॉकलेट वाटलं. वर, बसमध्ये थंडीचे सूट आणि बूट फुकट! म्हणजे किटचे पैसे दुसऱ्यांदा पाण्यात. कुठलीही टूर घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: गरज पडली तर सीमा ओलांडून फिनलंडला जाता का, आणि ढगच असले तर पैसे परत देता का? गोलमोल उत्तर आलं तर सोडा. पन्नास सीटची बस तर घेऊच नका.

चौथ्या दिवशी आम्ही भाड्याची गाडी काढली आणि किल्पिसयार्वीला निघालो. फिनलंडच्या हद्दीतलं हे गाव ट्रॉम्सोहून सुमारे १६० किलोमीटर, रस्ता ई-आठ. किनाऱ्यावरचे डोंगर समुद्राचे ढग अडवतात आणि पलीकडे आकाश कोरडं असतं. घाटमाथा ओलांडून माणदेशात उतरावं तसं. शिबोतन गावापर्यंत सोपं आहे. तिथून सीमेपर्यंतच्या चढावर समोरून मालाचे ट्रेलर येतात आणि प्रत्येक ट्रेलरमागे भुरभुरीत बर्फाचा लोट. पाच-सहा सेकंद काहीही दिसत नाही. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. लोट दिसला की आधीच वेग कमी करायचा आणि रस्त्याच्या कडेला रोवलेल्या काठ्यांवर नजर ठेवायची. निखिल आणि मी तासातासाने बदलून चालवली. ज्याने फक्त पुणे-मुंबई केलंय त्याला इथे स्टिअरिंग देऊ नका. गाडीला खिळ्यांचे टायर मागून घ्या आणि सीमा ओलांडायची परवानगी आहे का ते करारात बघा. काचेचा विमाही घ्या, रस्त्यावर टाकलेली खडी उडते. आमच्या काचेवर तांदळाएवढा टवका उडाला, त्याचे पैसे गाडीवाल्याने काय लावले ते इथे लिहीत नाही, पुन्हा रक्तदाब वाढेल. नॉर्वेत दारूची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे चालवणाऱ्याने एक बिअरसुद्धा नको.

किल्पिसयार्वीत उणे २६. इथे मात्र किट कामाला आलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. श्वास घेताना नाकातले केस कडक होतात. फोन ४० टक्क्यांवरून थेट बंद पडतो, म्हणून तो आतल्या खिशात, अंगाला लावून ठेवा. अंगाला सुती काही नको, लोकर घाला. अमृताची सुती बनियन चालण्याच्या घामाने ओली झाली आणि ती तासभर कुडकुडत होती. घड्याळ एक तास पुढे जातं हे आम्ही विसरलो आणि दुकान आमच्यासमोर बंद झालं. रात्रीचं जेवण म्हणजे थेपले आणि चटणी. (तूप, पेढे आणू नका, भारतातून दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत.)

अकराच्या सुमारास साना डोंगराच्या बाजूने एक राखाडी पट्टा उगवला. ढग समजून पक्या शिवी देणार, तेवढ्यात तो हलला. पहिल्यांदा डोळ्यांना तो राखाडीच दिसतो, फोटोत हिरवा. तेव्हा फोटोंवर विसंबून 'आपल्याला कमी दिसलं' म्हणून खट्टू होऊ नका. दहा मिनिटांनी तो डोक्यावर आला आणि खरोखर हिरवा झाला, खालच्या काठाला गुलाबी. झुळकीने पडदा हलतो तसा, पण सगळं आकाशभर, आणि आवाज शून्य. सहाही जण गप्प. आमच्यात हे कधी होत नाही.

त्यामुळे माझा सल्ला: विमानतळावरून गाडी घेऊन थेट किल्पिसयार्वी गाठा, ट्रॉम्सोत राहूच नका. शिल्पा म्हणते हा अतिरेक आहे. फ्योर्डमधली (डोंगरांत शिरलेल्या खाडीतली) बोट, कुत्र्यांची गाडी, दुपारचा तो निळा उजेड, सगळं छान होतं. असेल, मला आठवतो तो उतार. आणि हो, केबल कारच्या डोंगरावर शेर्पांनी बांधलेल्या बाराशेहून जास्त पायऱ्या आहेत. ट्रेकवाले आहात म्हणून हिवाळ्यात त्या वाटेला जाऊ नका. पक्या गेला होता. आठव्या पायरीवरून परत आला.

परतीचं विमान सकाळी सहाचं. पहाटे साडेतीनला पुन्हा तोच उतार, अंधार, रिमझिम. टॅक्सी वर यायला तयार नव्हती, खालच्या वळणावर थांबते म्हणाली. सगळ्यांनी खिळे चढवले. टकटक करत सहाजण ओळीने खाली उतरलो, मधे एकदाही न थांबता. शिल्पा सर्वांत पुढे.