कॅमेऱ्याच्या पेट्या घेऊन परदेशात

कॅमेरा असिस्टंटचं परदेशातलं शूटिंग मुंबई विमानतळावरच सुरू होतं. एटीए कार्नेटमध्ये, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशात नेण्याच्या कस्टमच्या कागदात, एकेका लेन्सचा सिरियल नंबर असतो. जाता-येता कस्टमचे शिक्के नीट पडले, की तिकडे ड्युटी भरावी लागत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून.

स्वित्झर्लंडला सगळे डोंगर बघतात, माझं लक्ष काचेवर! तिथलं युंगफ्राउयोख रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर. तिथल्या बर्फात गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत उघडा आणला, की लेन्सवर लगेच बाष्प धरतं. म्हणून तो बाहेरच पेटीत बंद करायचा. आत आल्यावर पेटी खोलीइतकी गरम होईपर्यंत मी झाकणाला कुणाला हात लावू देत नाही, अगदी दिग्दर्शकालाही. या कामावर माझा फार जीव आहे.