तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या भुतांना आता कोण भितं?

"भाऊ, जुन्या पिक्चरमधले ते रबरी राक्षस अन् पांढऱ्या साडीतल्या बाया बघून तुम्हाला आत्ता खरंच भीती वाटते का?" हे मला सगळेच विचारतात. केबल न्यायला आलेली पोरं विचारतात, भाचा विचारतो, लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला पाहुणासुद्धा दुकानातल्या टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाईट काहीतरी चालू दिसलं की विचारतो.

तर हो, वाटते. माझा धंदा साउंडचा, चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत लग्नं, कीर्तनं, सभा सगळं करतो, त्यामुळे पिक्चर मी आधी ऐकतो आणि मग बघतो, आणि माझं ठाम मत आहे की भूत असो की दुसऱ्या ग्रहावरचा प्राणी, भीती डोळ्यांतून थोडीच येते, खरी येते ती कानातून. मेकअप जुना होतो, रबर जुनं होतं, आवाज जुना होत नाही.

पटत नसेल तर रात्री केळीच्या बागेत जाऊन बघा. आमच्याकडे शेतीची लाईट बरेचदा रात्रीची येते, मग बारा वाजता मोटर चालू करायला जावंच लागतं. बॅटरीच्या उजेडात दोन-चार खोडांपलीकडे काही दिसत नाही आणि वाऱ्यानं वाळलेली पानं खोडावर घासतात, थांबतात, परत घासतात, अगदी कोणीतरी पाय ओढत मागून येतंय तसं, आणि आपण थांबलो की तेही थांबतं असं वाटायला लागतं. सोबतचा माणूस हळूच विचारतो, "हाऊ आवाज कसाना शे रे?" दिसलेलं काहीच नसतं. मुंज्या, आसरा, डाकीण, आपल्याकडच्या सगळ्या गोष्टी अशाच कुठल्यातरी आवाजातून जन्माला आल्या असणार असं मला वाटतं.

पिक्चरवाल्यांना हे फार लवकर कळलं होतं. १९३३ च्या किंग काँगची डरकाळी म्हणजे वाघ-सिंहांचे रेकॉर्ड केलेले आवाज, हळू करून, उलटे वाजवून. १९५४ चा जपानी गॉडझिला तर माझा सगळ्यात आवडता. सूटमध्ये माणूस आहे हे लहान पोरगंही सांगेल. पण ती आरोळी! अकिरा इफुकुबे नावाच्या संगीतकारानं डबल बासच्या, म्हणजे त्या माणसाएवढ्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या, तारा सैल केल्या, चामडी हातमोज्याला राळ लावली, तो हातमोजा तारेवरून ओढला आणि रेकॉर्डिंग हळू करून वाजवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली होती आणि नोव्हेंबरात हा पिक्चर आला. त्या आरोळीत रागापेक्षा दुखणं जास्त ऐकू येतं मला, म्हणून मी त्या राक्षसाला हसूच शकत नाही.

आपल्याकडे १९४९ चा महल घ्या. आजच्यासारखा मिक्सर नाही, आवाज घुमवणारं रिव्हर्बचं मशीन नाही, आणि 'आएगा आनेवाला' म्हणणारी बाई दुरून जवळ येतेय असं वाटायला तर पाहिजे. मग काय, लताबाईंना माईकपासून लांब उभं केलं आणि त्या गात गात हळूहळू माईककडे चालत आल्या. बस, एवढंच! मी आज एक नॉब फिरवून इको देतो पण ते अंतर माझ्या मशीनमधून निघत नाही, कारण ते खरं अंतर आहे, खोलीतल्या हवेतून आलेलं.

सायन्स फिक्शनवाल्यांची अडचण वेगळी होती, दुसऱ्या ग्रहावर काय वाजत असेल हे कोणाला माहिती. १९५६ च्या फॉरबिडन प्लॅनेटसाठी लुईस आणि बीबी बॅरन या नवरा-बायकोनं एकही वाद्य न वापरता नुसत्या सर्किटमधून सगळं संगीत काढलं. व्हॉल्वची, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांची, सर्किटं स्वतः जोडायचे, त्यांच्यावर जास्त लोड द्यायचे, मग ते सर्किट किंचाळायचं, कण्हायचं आणि शेवटी जळून जायचं, आणि एकदा जळालं की तो आवाज परत मिळायचा नाही. ज्यानं भर लग्नात अॅम्प्लिफायर जळताना ऐकलाय त्याला हे लगेच कळेल. गंमत म्हणजे याला पिक्चरच्या श्रेयनामावलीत 'संगीत' म्हणू दिलं नाही, 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहावं लागलं. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

सायकोबद्दल (१९६०) सगळ्यांना माहितीच आहे, बाथरूममधल्या खुनाच्या सीनला दिग्दर्शक हिचकॉकला म्युझिक नकोच होतं, संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या तंतुवाद्यांवर ते वाजवून दाखवलं तेव्हा त्याचं मत बदललं. भाच्याला मी तो सीन आवाज बंद करून दाखवला, तो बिस्कीट खात निवांत बघत होता. मग आवाज चालू करून परत लावला, बिस्कीट हातातच राहिलं.

आणि रामसे! भुताचे पिक्चर काढणाऱ्या या रामसे भावांना नावं ठेवणारे खूप आहेत, पण माझ्यासाठी ते घरचे लोक आहेत. सात भाऊ, एक कॅमेरा बघायचा, एक एडिटिंग, आणि किरण रामसे साउंड. त्यांच्या वडिलांचं आधी कराचीत रेडिओचं दुकान होतं आणि फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, जिथून आम्ही साउंडवाले अजूनही माल आणतो. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुराना मंदिर (१९८४) आमच्याकडे यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये लागला होता, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, मागून बघणाऱ्याला चित्र उलटं दिसायचं पण भोंगा जवळ असल्यामुळे आवाज अंगावर यायचा, आणि दरवाजा करकरला की बायका पदर तोंडात धरायच्या. त्यातल्या सामरी सैतानाचा मेकअप आज कसाही वाटो, तो दरवाजा आजही चालतो.

ज्युरासिक पार्क (१९९३) कॉम्प्युटरमुळे गाजला असं लोक म्हणतात. मी म्हणतो डायनासोर जवळ येताना थरथरणारा तो पाण्याचा ग्लास आठवा. दिग्दर्शक स्पीलबर्गला ही कल्पना गाडीत मोठ्यानं गाणं लावल्यावर आरसा थरथरला तिथून सुचली, आणि ग्लासातली ती गोल वलयं काढायला डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली. म्हणजे डायनासोर दिसायच्या आधी त्याचा बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, दिसतो! त्याची डरकाळीपण हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर मिळून केलेली, साठ वर्षांपूर्वीच्या काँगचीच युक्ती.

आताच्या पिक्चरमध्ये मला एक गोष्ट खटकते, ती म्हणजे पाच मिनिटं शांत आणि मग एकदम धाडकन. त्यानं माणूस दचकतो, भीत नाही, दोन्हीत फरक आहे. तुंबाड (२०१८) बघा, पाऊस थांबतच नाही, पुढच्या संकटाची चाहूल त्या पावसातच लागत राहते, असं करायला धीर लागतो.

म्हणून जुने पिक्चर बघायचे तर एवढं करा, मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा बास निघतच नाही आणि अर्धी भीती तिथेच असते. साधा हेडफोन चालेल, नाहीतर दुकानावर या, संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असतं, गॉडझिला मोठ्या बॉक्सवर लावून देतो.