चिखलानंतर अल्टरनेटरकडे बघा
पावसाळी ऑफ-रोडिंगनंतर फोर बाय फोर बाहेरून धुऊन भागत नाही. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, हवेनं थंड होतो, त्यामुळे पातळ चिखल त्याच्या जाळीतून सरळ आत शिरतो. खरा त्रास तो वाळल्यावर: कार्बन ब्रश होल्डरमध्ये अडकतात, ते ज्यावर घासत वीज पोचवतात त्या फिरत्या स्लिप रिंगवर चरे पडतात, बेअरिंग घरघरतं.

म्हणून त्याच दिवशी, इंजिन बंद आणि थंड असताना, नळाच्या साध्या धारेनं धुवा. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. प्रेशर वॉशर नकोच, तो चिखल बेअरिंगच्या सीलमध्ये ढकलतो.

सुकल्यावर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.५. (स्मार्ट चार्जिंगच्या नव्या गाड्यांत आकडा वरखाली होतो.) चालू इंजिनवर १३ च्या खाली असेल तर आधी बेल्ट बघा, बरेचदा तोच घसरत असतो. मग ब्रश. खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण अल्टरनेटरची जाड तार कायम जिवंत असते. स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, झिजलेले ब्रश जोडीनंच बदला.

चालू इंजिनवर बॅटरीची तार उपटून चार्जिंग तपासणाऱ्या मेकॅनिकला मात्र थांबवा: व्होल्टेज उसळून डायोड जळतात, कधी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही.