तारीख नसलेला दगड आणि तारीख मागणारा अर्ज

कबरीच्या दगडावर मृत्यूची पूर्ण तारीख नाही म्हणून ती शोधायला गेलो, तर तारीख लिहिल्याखेरीज अर्जच घेता येणार नाही, असे मला चार वेळा ऐकावे लागले. त्या गोष्टीला वर्ष होत आले, तरी तो अर्ज आठवला की अजून चीड येते.

माझ्या पणजोबांची कबर नाशिकमधील एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. काळ्या पाषाणाच्या शिळेचा खालचा उजवा कोपरा फुटून गेला आहे आणि महिन्याच्या नावावरचा पापुद्रा उडाला आहे, त्यामुळे शेवटची ओळ ‘प्रभूंत झोंपीं गेले ता. १७ …बर १९’ एवढीच उरली आहे. तीही पहिल्या भेटीत दिसली नव्हती, कारण भर दुपारी ऊन डोक्यावर असताना कोरीव अक्षरांना सावली पडत नाही. पुढे डिसेंबरात सकाळी साडेसातला गेलो, पुतण्याला आरसा घेऊन बाजूला उभे केले आणि कोवळे ऊन दगडावर आडवे पाडले, तेव्हा ‘ब’चे पोट आणि ‘र’ची तिरपी रेघ पृष्ठभागातून वर आल्यासारखी दिसली. अक्षरांवर दगडफूल चढले असेल तर साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे. तारेचा ब्रश, खडूची पूड किंवा पीठ यांना हात लावू नये. देवनागरी १ आणि ९ झिजल्यावर सारखेच दिसतात, म्हणून आकडे दोघांनी वेगवेगळे वाचून मग ताडून पाहावेत.

उरलेल्या काळाला दोन बाजूंनी कुंपण घालता आले. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दाखल्यावर पणजोबांची साक्षीदार म्हणून सही आहे आणि तो दाखला फेब्रुवारी १९१३ चा आहे. पणजी शेजारीच आहेत; त्यांच्या शिळेवर मार्च १९२४ ही तारीख शाबूत असून त्यांचा उल्लेख विधवा असा केला आहे. म्हणून शेजारच्या सर्व शिळा, त्यांची रांग आणि फाटकापासूनचे अंतर यांसह, पहिल्याच फेरीत टिपून ठेवाव्यात. मी ते केले नाही आणि एक फेरी फुकट गेली. जेथे असा काहीच आधार नसतो तेथे शुद्धलेखनही उपयोगी पडते. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, त्यामुळे ‘झोंपीं’ असे कोरलेला दगड बहुधा त्याआधीचा समजावा, अर्थात जुन्या वळणाचा पाथरवट नंतरही तसेच कोरीत असेल, हे ध्यानात ठेवून.

आता कार्यालयाकडे येतो. दफनाचे जुने रजिस्टर जेथे ठेवले आहे तेथे एक छापील अर्ज भरावा लागतो आणि त्यात ‘मृत्यूची तारीख’ असा रकाना आहे. मी तो कोरा ठेवला. खिडकीवरच्या तरुण कारकुनाने अर्ज परत सरकवला आणि म्हणाला, “काका, तारीख टाकल्याशिवाय हा पुढे जात नाही.” तारीख ठाऊक असती तर मी आलोच नसतो, हे मी शांतपणे सांगितले, निदान मला तरी ते शांत वाटले. दुसऱ्या खेपेला मी ‘अंदाजे १९१३ ते १९२४’ असे लिहिले, तर रकान्यात दिवस, महिना आणि साल तिन्ही हवेत असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला दगडाचे छायाचित्र दाखवले, ते त्याने भक्तिभावाने पाहिले आणि परत दिले. चौथ्या खेपेला साहेब रजेवर होते. नाशिकरोडहून बसने यायचे, बाकावर तास काढायचा आणि तोच कोरा रकाना घेऊन घरी जायचे, असा महिना गेला.

अखेर एका रात्री रागाच्या भरात हिशेब मांडला. दिवस सतरा हा पक्का, ‘बर’ने संपणारे महिने सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर असे चार, आणि साले १९१३ ते १९२३ अशी अकरा. चव्वेचाळीस तारखा मी क्रमाने एका कागदावर लिहून काढल्या, प्रत्येक कुंपणाचा आधार खाली नमूद केला, आणि रकान्यात ‘सोबतची यादी पाहावी’ असे लिहिले. मला तो टोमणा वाटत होता. कारकुनाने यादी वाचली, टाचणी लावली आणि शिक्का मारला, कारण रकाना भरलेला होता! तेव्हापासून मी सर्वांना हेच सांगतो की तारीख नसेल तर शक्य तारखांची यादी करा, पण जागा रिकामी सोडू नका.

आठवड्याने निरोप आला की यादीतील एकाही तारखेला त्या नावाची नोंद नाही. मी पुन्हा गेलो आणि रजिस्टर स्वतः पाहू देण्याची विनंती केली, तेव्हा पहिल्या रकान्याचे शीर्षक वाचून उलगडा झाला. ती वही मृत्यूची नव्हे, दफनाची होती. १८ ऑक्टोबर १९१८ या दिवशी, म्हणजे दगडावरच्या सतरा तारखेच्या दुसऱ्या दिवशी, पणजोबांचे नाव होते आणि त्या पानावर एकाच आठवड्याच्या नोंदी खालपर्यंत दाटीने भरल्या होत्या. घरात एवढेच ठाऊक होते की ते तापाने गेले, साल ऐकताच आत्या म्हणाली, “मग मानमोडीच की.” मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ; मुंबई इलाख्यात तिचा कहर सप्टेंबर-ऑक्टोबरातच झाला होता.

तारखांचा असा घोळ नाशिकच्याच एका विद्यार्थ्याच्या हातूनही झालेला आहे. गुलामगिरीतून सोडवून येथील मिशनच्या आश्रमात शिकवलेल्या जेकब वेनराइटने मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर आफ्रिकेत झाडावर ४ मे १८७३ असे कोरले, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधील त्याच्या कबरीच्या शिळेवर मात्र १ मे आहे. त्यामुळे मृत्यू, दफन आणि कोरणे यांसाठी तीन वेगळे रकाने आखावेत.

माझ्या वहीत दगडाचा मजकूर अजून ‘…बर १९[..]’ असाच आहे; रजिस्टरची तारीख त्याखाली वेगळ्या ओळीत, पानक्रमांकासह लिहिली आहे. आत्याला मात्र फुटलेला कोपरा बसवून राहिलेले आकडे पाथरवटाकडून कोरून घ्यायचे आहेत, आणि त्यावरून आमचे अजून जमलेले नाही.