अकरा फुटांचा हॉल, साडेआठ फुटांचा

सभा ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका जुन्या सोसायटीच्या गच्चीवर होती. पुनर्विकासाचे प्लॅन दाखवायचे होते. आमचे आर्किटेक्ट सर बोलत होते आणि मी सेलोटेप घेऊन शीटपाशी उभा होतो. सभेत ड्राफ्ट्समनला तेवढंच काम. सर प्लॅनमधल्या पार्किंगपर्यंत पोचले असतील-नसतील, तोच सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका उठले, कापडी पिशवीतून त्रिकोणी स्केल काढली आणि भिंतीशी आले.

"हॉलची रुंदी किती म्हणालात?"

"तीन पस्तीस मीटर, काका. अकरा फूट."

"एकास पन्नासच ना? मग पट्टीवर दोन एकसष्ट भरतेय. साडेआठ फूट."

सर म्हणाले, ड्रॉइंगवर पट्टी लावायची नसते, लिहिलेला आकडा धरायचा असतो. नियमाप्रमाणे अगदी बरोबर, पण त्या घडीला याहून वाईट उत्तर सापडलं नसतं. "आकडा काय, कोणीही टाइप करेल," काका म्हणाले. मागे कोणीतरी मोबाइलवर हिशोब केला: ६०० चौरस फुटांचं घर ३६४ वर आलं. मग काय विचारता! बिल्डरशी साटंलोटं, आर्किटेक्टचं कमिशन, सगळं निघालं.

मी तोवर काकांची स्केल मागून घेतली होती. आमचा टायटल ब्लॉक, म्हणजे शीटच्या कोपऱ्यातली तपशिलांची चौकट, १८० मिलिमीटर रुंद असतो. तो १४० भरला. पोटात गोळा आला, कारण गडबड कुठे झाली ते मला तिथेच कळलं.

दोन आठवड्यांपूर्वी ऑफिसात नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बदललं, ऑटोकॅड २०२० जाऊन २०२५ आलं होतं. नकाशांच्या डीडब्ल्यूजी फायलींची मला चिंता नव्हती, २०१८ पासून त्यांचा साचा तोच आहे. काळजी होती ती आमच्या सीटीबीची. स्क्रीनवरच्या रंगावरून कागदावरच्या रेघेची जाडी ठरवणारी ही फाइल अण्णांनी बनवलेली. अण्णा ट्रेसिंग पेपर आणि रॉट्रिंग पेनांच्या जमान्यातले, आता निवृत्त. भिंत कापलेली असेल तर ०.५ मिलिमीटर, दार-खिडकी ०.२५, मापाच्या रेघा ०.१८, फर्निचर आठ नंबरच्या करड्यात पन्नास टक्के फिकं, म्हणजे दिसतं पण बोलत नाही. लाल, हिरवा, पिवळा मात्र काळा होऊ द्यायचा नाही. मंजुरीच्या नकाशावर नवीन काम लाल, रस्ता हिरवा, पाडायचं ते पिवळं लागतं. त्यासाठी अण्णांनी वेगळे नंबर राखून ठेवले होते. २५५ रंगांचा हा तक्ता कुठेही लिहिलेला नाही. तो फक्त त्या फायलीत आहे.

आणि ही फाइल राहते कुठे? अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, पाच-सहा पायऱ्या खाली, प्रत्येक आवृत्तीचं घर वेगळं. २०२० चं आर २३.१, २०२५ चं आर २५.०. जुनं मशीनवर असेल तर नवं पहिल्यांदा उघडताना विचारतं, तुमच्या सेटिंग्ज आणू का? पण आयटीवाल्या पोराने मशिनं फॉरमॅटच करायची ठरवली होती. त्याच्या लेखी बॅकअप म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. मी आदल्या संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन प्रत्येक मशीनवर बसलो. स्टाइल्समॅनेजर कमांड दिली की सीटीबीचं फोल्डर थेट उघडतं. प्लॉटरमॅनेजर दिली की प्लॉटरच्या, म्हणजे मोठे नकाशे छापणाऱ्या प्रिंटरच्या, सेटिंगच्या पीसी३ फायली. दोन्ही उचलल्या. नव्यात टाकल्या, ए३ वर चाचणी काढली. रेघा अण्णांच्या अण्णा! सरांना दाखवून आलो, शाबासकीही घेतली.

राहिलं ते पीएमपी. प्लॉटर्स फोल्डरच्या आतच हे एक उपफोल्डर असतं आणि आपण स्वतः बनवलेले कागदाचे आकार त्यात असतात. मी सुट्या फायली उचलल्या, फोल्डर तिथेच सोडलं. उचललं असतं तरी पुरलं नसतं म्हणा. पीसी३ पीएमपीचा जुना पत्ता धरून बसते, नव्या जागी ती पुन्हा जोडून द्यावी लागते. आमचा प्लॉटर ३६ इंची रोलचा, आणि सोसायटीचं शीट १५०० बाय ९१४, खास बनवलेलं. ए३ ला यातलं काहीच लागत नाही, म्हणून चाचणी पास.

सभेच्या दुपारी प्लॉट काढला आमच्या नव्या मुलीने. हा कागद या प्लॉटरला चालत नाही, प्लॉटरचाच कागद घेतो, असा संदेश आला. तिने ओके दाबलं. ओके दाबायचं हे आम्हीच तिला शिकवलंय, दिवसाला असे वीस संदेश येतात. ए० आकाराचा कागद आला, शीट मावेना, तिने फिट टू पेपरवर, म्हणजे कागदात मावेल इतकं लहान करण्यावर, टिक केली. सगळं आटोपशीर बसलं. ब्लॉकमध्ये १:५० तसंच छापलेलं. चित्रासोबत लहान होणारी रेखीव मोजपट्टी पूर्वी आम्ही शीटवर काढायचो. ती असती तर काकांनी स्केल तिलाच लावून पाहिली असती. गेल्या वर्षी जागा पुरेना म्हणून मीच ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी पीएमपी नव्याने बनवली, जोडली, प्लॉट काढला, तीन ठिकाणी मोजला आणि सरांच्या आधी एकटाच काकांकडे गेलो. काकूंनी चहा ठेवला. काकांनी जेवणाच्या टेबलावर शीट पसरून हॉल, किचन, दोन्ही बेडरूम, सगळं शांतपणे मोजलं. तीन पस्तीस. बरोबर.

"काय झालं होतं?"

मी सांगितलं. फिट टू पेपर त्यांना लगेच समजलं. पीएमपी मी दोनदा समजावली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर संशय तसाच होता, आणि मला ते रास्त वाटलं.

"कालचं शीट परत द्या," मी म्हणालो, "उगाच घोटाळा व्हायचा."

"ते राहू दे माझ्याकडे," म्हणाले आणि घडी करून पिशवीत ठेवलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात १:५० लिहिलंय, आणि शेजारी ड्रॉन बायच्या, म्हणजे नकाशा काढणाऱ्याच्या, चौकटीत माझी आद्याक्षरं.