बिनमिठाचा पाव आणि ताईची विहीर

बुधवार, रात्री साडेनऊ

इटलीतल्या ऑर्व्हिएतोला पोचलो. पोचलो म्हणजे स्टेशनवर, कारण स्टेशन खाली सपाटीला आणि गाव वर. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर कुणी साताऱ्याच्या सगळ्या पेठा उचलून ठेवल्या तर कसं दिसेल, तसं हे गाव कातळावर बसलंय. चहूबाजूंनी तुटलेला कडा.

गाडीत थोडक्यात वाचलो. कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा असतो, हे ताईने मला तीनदा बजावलं होतं. मी मारला. पण घाईत दोन्ही तिकिटं एकदमच खुपसली, त्यामुळे शिक्का एकावरच उठला. तपासनीस बाईंनी दोन्ही तिकिटं उलटसुलट पाहिली, मग आमचे पांढरे केस पाहिले, आणि दुसऱ्यावर पेनाने तारीख-वेळ घालून परत दिलं. ताई त्यानंतर वीस मिनिटं माझ्याशी बोलली नाही.

स्टेशनासमोरूनच वर जायला दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे आहे, फुनिकोलारे. एक डबा चढतो तेव्हा दुसरा उतरतो. ही १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली घसरायचा आणि खालच्याला वर खेचायचा. पुढे बंद पडली, १९९० पासून विजेवर धावते. हे वाचून दाखवलं तेव्हा ताईचा अबोला सुटला. म्हणाली, "म्हणजे वर पाणी मुबलक होतं तर. कातळावर कुठून आलं गं?" पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं आरेखक होती ती. पाण्याचा विषय निघाला की बाकी सगळं माफ.

मुक्कामाच्या घरी टेकून जेवायला बाहेर पडलो तर साडेतीन वाजलेले. स्वयंपाकघरं बंद, आता थेट साडेसातला. दुकानांची शटरं खाली. रस्त्यात एक मांजर आणि आम्ही दोघी. आपल्याकडे पुणेकरांच्या एक ते चारवर इतके विनोद होतात, इथे तर अख्खं गाव ते व्रत पाळतं आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. शेवटी सकाळी रोमहून निघताना घेतलेला कालचा अर्धा पाव आणि घरची शेंगदाण्याची चटणी, यावर भागवलं.

गुरुवार, रात्री

सकाळी पियाझ्झा देल पोपोलो नावाच्या चौकात बाजार भरला होता. गुरुवारी आणि शनिवारी भरतो. द्राक्षं, अक्रोड, भलेमोठे चीजचे गोळे, आणि त्यांच्या शेजारी चड्डी-बनियनचे ढीग. शुक्रवार पेठेत आल्यासारखंच वाटलं. फळाला हात लावायचा नाही, हे एका आजीबाईंनी माझ्या मनगटावर हलकी चापट मारून शिकवलं. त्याच मग निवडून देतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं निवडतात.

पाव घेतला. चव घेतली तर मीठच नाही. मला वाटलं बेकरीवाला विसरला. पण उंब्रियात, म्हणजे इटलीच्या या प्रांतात, पाव असाच असतो, अळणी. यामागे एक गोष्ट सांगतात. १५४० साली तिसऱ्या पॉल पोपने मिठावर कर वाढवला, इथल्याच पेरुज्या शहराच्या लोकांनी बंड केलं, आणि तेव्हापासून पावातलं मीठच सोडलं. इतिहासकारांना ही गोष्ट फारशी पटत नाही. मला कारण ताटात दिसलं. इथलं मांस खारं, चीज खारं. पाव अळणी नसता तर घास गिळवला नसता. आमच्या चटणीबरोबर म्हणूनच तो इतका छान लागतो.

कॅथेड्रलही पाहिलं. १२९० मध्ये पायाभरणी झालेली. बाजूच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे आडवे पट्टे, आणि दर्शनी भाग सोन्याचा वर्ख लावलेल्या मिठाईसारखा. उन्हात डोळे दिपतात, पण मला ते जरा जास्तच झालं. आतलं सिन्योरेल्ली या चित्रकाराचं भित्तिचित्र मात्र विसरता येणार नाही. १४९९ ते १५०४ या काळात त्याने सान ब्रित्सिओ चॅपेल रंगवलं. त्यात एका भिंतीवर अखेरच्या दिवशी मेलेली माणसं जमिनीतून उठताहेत. कुणी हात टेकून स्वतःला बाहेर ओढतोय, कुणी अजून नुसता सांगाडाच आहे. ताई गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बघ, यांनाही उठताना हात टेकावा लागतोय."

आणि मग विहीर. सगळा दिवस तिथेच गेला म्हटलं तरी चालेल. पोत्सो दि सान पात्रित्सिओ, म्हणजे संत पॅट्रिकची विहीर.

१५२७ मध्ये बादशहा पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. सातवा क्लेमेंट पोप पळून या कातळावर आला. इथे वेढा पडला तर खायचं साठवता येईल, पण पाण्याचं काय, म्हणून त्याने अंतोनिओ दा सान्गाल्लो या वास्तुकाराला विहीर खोदायला लावली. ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद. भोवती गोल फिरत उतरणारे दोन जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, वाटेत कुठेही एकमेकांना न भेटणारे. खेचरं एकाने रिकामी उतरणार, तळाशी पूल ओलांडून दुसऱ्याने भरून चढणार. समोरासमोर आली आणि अडली, असं होणारच नाही. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या, खेचराच्या पायाच्या मापाने. ताईच्या गुडघ्यालाही त्याच मानवल्या.

जिन्यांना आतल्या बाजूने ७२ खिडक्या आहेत, त्यातून वरचा उजेड खाली झिरपतो. मी जरा पुढे गेले होते. समोरच्या खिडकीत एक तरुण पोरगा दिसला, धापा टाकत चढणारा. मी उतरणारी. त्याने हात हलवला, मीही. एका वळणानंतर तो आणखी वर, मी आणखी खाली. परत हात. असं चार वेळा झालं आणि मग तो दिसेनासा झाला.

तळाशी गारवा, हिरवट पाणी, त्यात लोकांनी टाकलेली नाणी. ताई भिंतीला हात लावून उभी. वर ज्वालामुखीच्या राखेचा मऊ टफ दगड, खाली विटांचं अस्तर. तिने एकदाच म्हटलं, "लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत आबा आपल्याला घेऊन गेले होते, आठवतं?" आठवत होतं. तिथे बैल वरच्या वर चालत आणि मोट खाली जाई. इथे जनावरालाच पाण्यापर्यंत उतरवलंय.

वेढा काही पडला नाही. क्लेमेंट १५३४ मध्ये वारला आणि विहीर पुरी झाली १५३७ मध्ये, त्याच तिसऱ्या पॉलच्या काळात, ज्याच्या नावावर सकाळच्या पावातलं मीठ आहे.

चढताना ताई सहा वेळा थांबली. मी मोजत होते, पण तिला सांगितलं नाही.

शुक्रवार, सकाळ

बारमध्ये उभ्याने कॉफी. बसलं की भाव चढतो. इथली माणसं तीन घोटांत कप रिकामा करून, आम्ही साखर ढवळेपर्यंत, निघूनही जातात. अकरा वाजून गेल्यावर मी कापुचिनो मागितला तर काउंटरमागच्या बाईंनी भुवई उंचावली. दिला मात्र.

ऑर्व्हिएतो हे नाव म्हणे लॅटिन 'उर्ब्स वेतुस'वरून आलं, जुनं नगर. आपलं जुन्नरही जीर्णनगरच की! नाव ठेवणाऱ्यांना तेव्हाच ती जुनी वाटत होती, मग त्यांच्या आधी तिथे कोण होतं? इथे तर रोमनांच्या आधीचे एत्रुस्कन लोक होते. त्यांनीही याच कातळात अरुंद विहिरी खोदल्या, उतरायला भिंतीत पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या करून. गावाखाली हजारावर पोकळ्या आहेत, त्यातल्या काही आज दुपारी बघायच्या.

पण ताई उठायला तयार नाही. काल रात्रीच्या जेवणाचं बिल (त्यात माणशी दोन युरो नुसते टेबलाला बसण्याचे, त्यावरून आमचं भांडण झालं) तिने उलटं करून समोर ठेवलंय आणि पेन्सिलीने विहिरीचा उभा छेद काढतेय. दोन्ही जिने एकाच छेदात दाखवताना कुठलं वळण पुढे आणि कुठलं मागे, यात अडकलीय. दोनदा खोडलं. आत्ता माझ्याकडे खोडरबर मागतेय.